मामांचे उत्तर बरोबर, भाचीचे गणित मात्र चूक

वाचकाचे पत्र

मी एका सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझी भाची पुण्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. अर्थशास्त्राच्या आणि वित्तीय गणिताच्या गृहपाठाचे फोटो ती मला रात्री मोबाईलवर पाठवते, मी कागदावर सगळे सोडवतो आणि त्या कागदाचा फोटो तिला परत पाठवतो. हळूहळू तिच्या दोन मैत्रिणी आणि आमच्या इमारतीतला बारावीचा एक मुलगाही प्रश्न पाठवू लागले आहेत.

गेल्या महिन्यात मात्र माझी पंचाईत झाली. ‘५०,००० रुपये द.सा.द.शे. ८ दराने चक्रवाढ व्याजाने २ वर्षे ठेवल्यास किती होतील?’ या प्रश्नाला मी ५८,५८३ रुपये हे उत्तर दिले आणि ते चूक ठरले. कांद्याचा भाव २० रुपयांवरून ३० रुपयांवर गेल्याने मागणी १०० किलोंवरून ८० किलोंवर आली, तर लवचिकता (भाव जितके टक्के बदलला त्याच्या मानाने मागणी किती टक्के बदलली ते) किती, या प्रश्नात मी ०.४ काढले, मोबाईलवरच्या एका ॲपने ०.५६ सांगितले आणि मैत्रिणीने ०.७५ लिहिले. तीन वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाचे आजचे मूल्य ८ टक्के दराने किती, हे गणित भाचीने एकदाच स्वतः करून पाठवले, तर तिचे उत्तर ७६,००० होते. मी ते खोडून ७९,३८३ लिहून दिले. बारावीच्या मुलाने विचारले, ‘भाव वाढला की मागणी कमी होते आणि मागणी कमी झाली की भाव पडतो, मग कांद्याचा भाव चढा कसा राहतो?’ यावर मला नीट सांगता आले नाही.

अंतर्गत चाचणीत भाचीला २० पैकी ६ गुण मिळाले. बहीण म्हणते, ‘दादा, तूच तिला आळशी केलेस.’ मी हे थांबवावे का? हे लिहीत असतानाच सहा गणितांचा फोटो आला आहे आणि ती उद्या सकाळी द्यायची आहेत.

— एक मामा, सांगली

उत्तर

नमस्कार मामा,

तुमच्या बहिणीच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे, पण तुम्ही थांबू नये असे मला वाटते. रात्री नऊ वाजता गणित अडल्यावर ज्याला विचारता येईल असे माणूस घरात असणे ही फार थोड्या मुलांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, आणि त्या माणसाने हयातभर व्याजाचेच व्यवहार पाहिलेले असतील तर ती आणखी दुर्मीळ. बदलायची आहे ती तुमची रीत. सध्या भाची प्रश्नाचा फोटो पाठवते, तुम्ही उत्तराचा फोटो पाठवता आणि ती तो वहीत उतरवते. या देवघेवीत गणिताचा सराव होतो तो तुमचा, आणि तिचा सराव होतो तो हस्ताक्षराचा. चाचणीतले सहा गुण तिथून आले आहेत.

आधी ५८,५८३ रुपयांबद्दल लिहिते, कारण पत्राचा सूर पाहता तीच सल मोठी दिसते. तुमची आकडेमोड चुकलेली नाही. मुदत ठेवीवर तिमाही चक्रवाढ आकारण्याची बँकांची पद्धत तुमच्या हाडीमासी मुरलेली आहे, त्यामुळे तुम्ही ८ टक्क्यांचे दर तिमाहीस २ टक्के केले, दोन वर्षांच्या आठ तिमाही मोजल्या आणि ५८,५८३ वर पोहोचलात. प्रश्नात मात्र तिमाहीचा उल्लेख नव्हता. ‘दर साल दर शेकडा’ एवढेच म्हटलेले असते आणि चक्रवाढीचा काळ वेगळा सांगितलेला नसतो, तेव्हा पाठ्यपुस्तक वर्षातून एकदाच व्याज मुद्दलात मिळवते. पहिल्या वर्षाअखेर ५४,००० आणि दुसऱ्या वर्षाअखेर ५८,३२०. तुमच्या आणि पुस्तकाच्या उत्तरात २६३ रुपयांचा फरक आहे, आणि हा फरक बँकेतल्या रिवाजाचा आहे.

प्राथमिक अर्थशास्त्राचा किंवा वित्ताचा प्रत्येक प्रश्न हे एक छोटे, बंदिस्त जग असते. त्यात जे सांगितले आहे तेवढेच खरे असते आणि जे सांगितलेले नाही ते विषयाच्या संकेताप्रमाणे ठरते. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे वाक्य अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी येते ते याचसाठी. अनुभवी माणूस त्या जगात शिरताना स्वतःच्या नोकरीतले नियम नकळत बरोबर नेतो: वर्षाचे ३६५ दिवस मोजतो, पैसे जवळच्या रुपयात पूर्ण करतो, वसुलीचा खर्च धरतो, उद्गम करकपात (टीडीएस) आठवतो. हे सगळे खरे व्यवहार आहेत, पण त्या प्रश्नात ते नाहीत. म्हणून कोणत्याही गणिताचे उत्तर लिहिताना भाचीला पहिली ओळ गृहीताची लिहायला सांगा: ‘व्याजाची चक्रवाढ वार्षिक धरली आहे.’ ही ओळ असली की उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तिचा विचार दिसतो, आणि पुढे गृहीतावरून मतभेद झालाच तरी तिने काय धरून गणित केले हे कागदावरच असते. शिक्षकांशी वाद घालायला मात्र तिला पाठवू नका. ‘माझे मामा बँकेत होते’ हा युक्तिवाद वर्गात चालत नाही आणि चालूही नये.

याचा अर्थ तुमचे ५८,५८३ वाया गेले असा नाही. ५८,३२० हे उत्तर तिला मिळाल्यावर तुम्ही विचारू शकता की, ‘बँकेत ठेवले असते तर २६३ रुपये जास्त मिळाले असते, ते कुठून आले ते सांग.’ पहिल्या तिमाहीचे व्याज १,००० रुपये, ते मुद्दलात मिळाल्यामुळे दुसऱ्या तिमाहीचे १,०२०, आणि हे असेच वाढत जाते, हे तिने चार ओळी मांडून पाहिले की ८ टक्के नाममात्र, म्हणजे कागदावरच्या, दराचा प्रभावी दर, म्हणजे वर्षाअखेर प्रत्यक्ष पडणारा दर, ८.२४ टक्के का होतो हे तिला सूत्र न सांगता कळेल. हा धडा तिच्या शिक्षकांइतकाच, कदाचित त्यांच्याहून चांगला, तुम्ही देऊ शकता. फक्त तो आधी विचारलेल्या प्रश्नाच्या जागी द्यायचा नसतो, त्याच्या नंतर द्यायचा असतो.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. भाचीने एकदाच स्वतः गणित करून पाठवले, ७६,००० हे उत्तर काढले, आणि तुम्ही ते खोडलेत. मामा, ते खोडायचे नव्हते. आजवर तिने तुमच्याकडे पाठवलेला तोच एक खरा गृहपाठ होता.

तिने काय केले असेल ते पाहा. ८ टक्के दराने तीन वर्षांचे व्याज २४ टक्के होते, एक लाखाचे २४ टक्के म्हणजे २४,०००, ते वजा केले आणि ७६,००० उरले. हा वेंधळेपणा मुळीच नाही. एवढेच काय, हुंडी, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर पैसे देण्याची व्यापाऱ्याची चिठ्ठी, वटवताना बँक हेच करते: तिच्यावर लिहिलेल्या रकमेवर मुदतीचे व्याज आकारते, ते आधीच कापून घेते आणि उरलेली रक्कम हातावर ठेवते. तुम्ही स्वतः अशा कितीतरी हुंड्या वटवल्या असतील. मुदत तीन महिन्यांची असते तेव्हा या रीतीने पडणारा फरक क्षुल्लक असतो, म्हणून व्यापारात ती खपून जाते. मुदत तीन वर्षांची झाली की फरक डोळ्यांत भरतो. तुमच्या भाचीने अजाणता वटणावळ, म्हणजे हुंडीतली ही आगाऊ कपात, काढली होती, आणि तिला विचारले होते वर्तमान मूल्य, म्हणजे आजचे मूल्य. हा फरक सांगायला तुमच्याइतका लायक माणूस तिला दुसरा मिळणार नाही, आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही लाल रेघ मारून पुढे गेलात.

मी असते तर तिला एवढेच लिहिले असते: ‘तुझे ७६,००० आज बँकेत ठेव आणि तीन वर्षे पुढे चालवून बघ, लाख होतात का.’ पहिल्या वर्षाअखेर ८२,०८०, दुसऱ्या वर्षाअखेर ८८,६४६, तिसऱ्या वर्षाअखेर ९५,७३८. लाखाला सव्वाचार हजारांहून अधिक कमी पडले. यानंतर ती स्वतःच विचारते, ‘कमी का पडले?’ आणि या प्रश्नाचे उत्तर सगळ्या वित्तशास्त्राच्या मुळाशी आहे. तिने व्याज भविष्यातल्या लाखावर आकारले, पण व्याज मिळणार आहे ते आज ठेवलेल्या, लाखापेक्षा लहान रकमेवर, आणि पुढे व्याजावरही व्याज मिळणार आहे. आजच्या रकमेला तीनदा १.०८ ने गुणले की लाख व्हायला हवेत, म्हणून लाखाला तीनदा १.०८ ने भागायचे, आणि ७९,३८३ हाती येतात. ‘भागायचे की वजा करायचे’ हा गोंधळ तिच्या मनातून कायमचा गेला असता. तुम्ही लिहून दिलेले ७९,३८३ मात्र तिच्या वहीत बरोबर बसले आणि चाचणीत पुन्हा वजाबाकीच झाली असणार.

कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले तेव्हाच्या पहिल्या दोन वर्षांत मी हेच करत असे. मधल्या सुट्टीत मुले वही घेऊन यायची, मी उभ्या उभ्या सोडवून द्यायचे, आणि ‘बाईंना सगळं येतं’ अशी माझी ख्याती झाली. बाईंना येते यात मुलांना येते असे कुठेच म्हटलेले नाही, हे ध्यानात यायला दोन निकाल लागले.

लवचिकतेच्या तीन उत्तरांचा वाद वेगळ्या जातीचा आहे, कारण तिथे तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुम्ही शेकडेवारी जुन्या भावावर आणि जुन्या मागणीवर काढली. भाव २० वर १० वाढला म्हणजे ५० टक्के, मागणी १०० वर २० घटली म्हणजे २० टक्के, आणि भागाकार ०.४. मैत्रिणीने नवा भाव आणि नवी मागणी पाया धरली. ३० वर १० म्हणजे ३३.३ टक्के, ८० वर २० म्हणजे २५ टक्के, आणि उत्तर ०.७५. ॲपने दोन्ही टोकांची सरासरी घेतली. भावाची सरासरी २५, तिच्यावर १० म्हणजे ४० टक्के; मागणीची सरासरी ९०, तिच्यावर २० म्हणजे २२.२ टक्के, भागाकार ०.५६. बाजार एकच, कांदा एकच, आणि तीन आकडे केवळ शेकडेवारीचा पाया बदलल्याने आले. सरासरीची रीत निघाली ती याचसाठी, की भाव वर जाताना आणि खाली येताना उत्तर तेच यावे. काटेकोरपणे पाहिले तर तिन्ही उत्तरांच्या आधी उणे चिन्ह हवे, पण मागणीच्या किंमत लवचिकतेत ते गाळण्याचा संकेत आहे.

मग वहीत काय लिहायचे? वर्गात जी पद्धत शिकवली असेल तिचे नाव घालून तिचे उत्तर. पण तुम्ही तिथे थांबू नका. तिघींना विचारा की २० रुपये भावाने लोकांचा कांद्यावरचा एकूण खर्च किती होता आणि ३० रुपये भावाने किती झाला. आधी २,००० रुपये आणि नंतर २,४००. भाव वाढूनही खर्च वाढला, म्हणजे लोकांनी खरेदी भावाच्या मानाने कमी प्रमाणात आखडली, म्हणजे मागणी कमी लवचीक आहे, आणि तिन्ही आकडे १ पेक्षा लहान येतात ते यामुळेच. अर्थशास्त्र इथे आहे. ०.४ की ०.५६ हा हिशेबाच्या रीतीचा प्रश्न. कांद्यावाचून स्वयंपाक अडतो म्हणून भाव चढला तरी लोक घेतातच, हा विषयाचा. ज्या मुलीला दुसरे समजले तिला पहिले कधीही शिकता येते. उलट क्रमाने शिकलेल्या मुली मी खूप पाहिल्या आहेत. त्या दशांश चिन्हापर्यंत बरोबर असतात आणि ‘म्हणून काय?’ असे विचारले की गप्प होतात.

बारावीच्या मुलाने विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत आवडला. त्याला उत्तर देता आले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कारण तो अडला आहे तो आपल्या बोलीभाषेतल्या एका सोयीमुळे. आपण ‘मागणी कमी झाली’ हे दोन अगदी वेगळ्या घटनांना म्हणतो आणि पाठ्यपुस्तक त्यांना दोन वेगळे शब्द देते. भाव वाढला म्हणून लोकांनी कमी घेतले, तर तो मागणीचा संकोच. भाव तोच राहून दुसऱ्या कशामुळे लोकांनी कमी घेतले, उदाहरणार्थ उत्पन्न घटले, आवड बदलली किंवा पर्यायी वस्तू स्वस्त झाली, तर तो मागणीचा ऱ्हास. कोणत्या भावाला लोक किती घेतील हे दाखवणारी रेघ म्हणजे मागणी वक्र. संकोचात माणूस त्याच मागणी वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर सरकतो. ऱ्हासात सबंध वक्रच डावीकडे सरकतो. मुलाच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग संकोचाबद्दल आहे आणि दुसरा अर्धा ऱ्हासाबद्दल, आणि एकच शब्द वापरल्याने त्याचे वाक्य स्वतःभोवती गिरकी घेत बसले आहे.

त्याला लासलगावचे उदाहरण द्या, कारण नाशिक जिल्ह्यातल्या त्या बाजार समितीचे नाव कांद्याच्या प्रत्येक बातमीत त्याने ऐकलेले असते. अवकाळी पावसाने पीक सडले आणि आवक निम्मी झाली. इथे पुरवठा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती माल विक्रीला येतो ती रेघ, डावीकडे सरकला. मागणी वक्राला कोणी हातही लावलेला नाही. नवा पुरवठा वक्र जुन्या मागणी वक्राला जिथे छेदतो तिथे भाव चढा आहे आणि खरेदी-विक्रीचे प्रमाण कमी आहे. लोकांनी कमी घेतले हा या चढ्या भावाचा परिणाम आहे, आणि तो त्या समतोलात, म्हणजे दोन वक्र छेदतात त्या बिंदूत, आधीच धरलेला आहे. त्याच परिणामाला पुन्हा कारण करून भाव पाडता येत नाही. भाव खाली येईल तो पुढचे पीक आल्यावर, किंवा बाहेरून कांदा आल्यावर, म्हणजे पुरवठा उजवीकडे सरकल्यावर. एवढे सांगून झाले की त्याला उलटा प्रश्न टाका: सोन्याचा भाव चढलेला असूनही धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानात गर्दी असते, मग मागणीचा नियम खोटा ठरला का? ‘नाही, सणामुळे वक्रच उजवीकडे सरकला,’ असे तो म्हणाला, तर त्याला विषय कळला आहे.

हे सगळे शब्दांत लिहून पाठवू नका. त्याला आकृती काढून तिचा फोटो पाठवायला सांगा. मागणी व पुरवठ्याची आकृती ज्या मुलाने स्वतः काढली आहे त्याची चूक कुठे आहे ते रेघेवर बोट ठेवून दाखवता येते. गणित चांगले असलेली मुले इथे एका वेगळ्याच कारणाने अडखळतात. त्यांना ज्याच्यामुळे बदल होतो ते चल आडव्या अक्षावर घ्यायची सवय असते, आणि अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर असते. आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून ही रीत रूढ झाली आहे, ती आता बदलणार नाही, आणि ‘असे का?’ म्हणून कोणी विचारले तर ‘वहिवाट’ एवढेच खरे उत्तर आहे.

आता रीत. यापुढे प्रश्नाच्या फोटोबरोबर त्यांच्या प्रयत्नाचा फोटो आल्याशिवाय पेन उचलू नका. प्रयत्न अर्धा चालेल, चुकीचा चालेल, ‘इथपर्यंत आले, पुढे कळत नाही’ एवढाही चालेल. कोरा कागद मात्र चालणार नाही. प्रश्न सबंध मागवा, कापलेला नको, कारण निम्म्या वेळा गृहीत वरच्या ओळीत असते आणि ती फोटोतून सुटलेली असते. मग तिचे पाऊल जिथे वाकडे पडले तेवढीच ओळ दाखवा आणि पुढची ओळ तिच्याकडून येऊ द्या. सुरुवातीला यात वेळ जातो आणि दोन्हीकडे चिडचिड होते. भाची म्हणेल, ‘मामा, ॲप लगेच सांगतं.’ सांगू द्या. ॲपचे ०.५६ तिच्यापुढे आले तेव्हा ते कुठून आले हे तिला सांगणारे कोणी नव्हते, याची तिला आठवण करून द्या.

ज्या कामाला गुण आहेत, म्हणजे प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापनासाठी द्यायची वही, घरबसल्या दिलेली ऑनलाइन चाचणी, त्यात तुम्ही हात घालू नये. तिथे तुमची मदत घेणे आणि शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणे यांत मला फरक दिसत नाही. त्याच प्रकारचे दुसरे गणित, आकडे बदलून, तुम्ही तिच्याकडून आदल्या दिवशी करून घेऊ शकता. त्याला कोणाचीही हरकत नसावी. मैत्रिणींचेही तसेच. त्या तिघी एकमेकींचे प्रयत्न तपासून मगच तुमच्याकडे येतील असे ठरवून द्या, म्हणजे तुमच्यापर्यंत येणारे प्रश्न आपोआप कमी होतील आणि चांगले होतील.

एक सावधगिरी तुमच्यासाठीही आहे. तुमचे शिक्षण झाले तेव्हाचे काही ठोकताळे आता जुने झाले आहेत, आणि जुनी मार्गदर्शके अजून त्यांनाच धरून असतात. नियोजन आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आहे. अर्थसंकल्पातला योजना आणि योजनेतर खर्च हा भेद २०१७-१८ पासून गेला. बहुतेक वस्तूंवरचा विक्रीकर (व्हॅट), सेवाकर, मुंबईची जकात यांची जागा १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने घेतली. ठेवींवरील विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली आहे. बँकेत असताना ग्राहकांना तोंडपाठ सांगितलेला आकडा चटकन ओठांवर येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. सिद्धान्त आणि गणिताची सूत्रे मात्र तीच आहेत.

उलट, तुमच्या अनुभवाचा उपयोग जिथे पुस्तक अपुरे पडते तिथे होतो. भाचीला विचारा: एक लाखाचे कर्ज, ‘फक्त १० टक्के’ फ्लॅट दराने, दोन वर्षांत फेडायचे, तर हप्ता किती? वीस हजार व्याज मिळवून एक लाख वीस हजार, चोवीस हप्ते, महिना ५,००० रुपये. आता पुढचे विचारा. पहिल्या हप्त्यानंतर तिच्याकडे पूर्ण लाख उरले आहेत का? मुद्दल दर महिन्याला उतरत असताना व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागते आहे. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर याच हप्त्यातला व्याजदर सालीना १८ टक्क्यांच्या जरा वर जातो. दुचाकीच्या दुकानातल्या फलकावरचे १० आणि हिशेबातले १८ यांतले अंतर तिला एकदा स्वतः काढता आले, तर वर्तमान मूल्याचे प्रकरण तिला पुन्हा शिकवावे लागणार नाही. वास्तव व्याजदराचेही, म्हणजे महागाई वगळून उरणाऱ्या दराचेही, तसेच. ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि महागाई ५ टक्क्यांनी वाढते आहे, तर वजाबाकीने २ टक्के येतात, भागाकाराने (१.०७ ला १.०५ ने भागून) १.९; पुस्तक बहुधा वजाबाकीवर भागवते आणि पहिल्या वर्षाला तेवढे पुरते. आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण आले की स्वतःची पेन्शन पुढे करा. ‘माझी पेन्शन देशाच्या उत्पादनात का मोजत नाहीत?’ या प्रश्नावर मुले हमखास हसतात, आणि हस्तांतर देयक, म्हणजे बदल्यात आज काही उत्पादन न होता मिळणारा पैसा, ही कल्पना त्या हसण्याबरोबर लक्षात राहते. आपण आज काहीच उत्पादन करत नाही हे कबूल करण्याची तयारी मात्र हवी.

राहता राहिली आजची सहा गणिते. पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर ती रात्र उलटून गेली असेल, आणि तुम्ही सहाच्या सहा सोडवून पाठवली असतील असा माझा कयास आहे. असू द्या. पुढच्या वेळी असा फोटो आला की त्यातली एकाच प्रकारची दोन गणिते निवडा आणि लिहा: ‘यातले पहिले तू कर, अडशील तिथे थांब आणि मला फोन कर, मी साडेदहापर्यंत जागा आहे. दुसरे मला न दाखवता कर. बाकीची चार झाली नाहीत तर वहीत तसेच लिही, की इथपर्यंत जमले.’ ती रागावेल, कदाचित दोन दिवस फोटो येणार नाहीत. तिसऱ्या दिवशी आला तर त्यात आधी तिचे अक्षर शोधा.